बाबलोचे कान

संध्याकाळी गेटाशी स्कूटर लावली. स्टँडचा खट्ट आवाज झाला, बिजागरी रोजच्यासारखी किरकिरली, पण सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, झोपलेल्या आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याने, बाबलोने, डोळासुद्धा उघडला नाही. त्याच्यावरून पाय टाकून मी आत गेले. तेवढ्यात आईने तव्यावर बांगडा सोडला आणि महाराज धडपडत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हजर.

एवढंच झालं. तरी जेवताना काही सुचेना.

"ऐकू येत नसेल त्याला आता," आई म्हणाली.

"मग बांगडा कसा ऐकू आला?" हे बाबा. त्यांच्या मते बाबलो पहिल्यापासून नाटकी आहे आणि 13 व्या वर्षी नाटकं वाढलीत, इतकंच. बांगड्याचा वास येतो, तो ऐकावा लागत नाही, हे त्यांना पटत नाही. मला पटतं. पण मग माझा वास? दिवसभर ऑफिसात घामेजून आलेल्या माणसाला बांगड्याएवढाही वास नसावा?

म्हातारपणी कुत्र्याचे कान एकदम जात नाहीत. आधी वरच्या पट्टीतलं जातं: शिट्टी, चाव्यांची किणकिण, बिजागरी. खालच्या पट्टीतलं, म्हणजे ढोल किंवा बुलेटची घरघर, बराच काळ टिकतं. घरच्या घरी पाहायचं तर तो झोपलेला असताना पाहावं आणि पोट भरलेलं असताना. आपण भिंतीआड उभं राहायचं, म्हणजे सावली दिसत नाही आणि टाळीची हवा अंगावर जात नाही. पाय आपटायचा नाही, हादरा जमिनीतून पोचतो आणि आपल्याला वाटतं ऐकू आलं. चाव्या, स्टीलचं झाकण, शिट्टी, मग जाड आवाजात हाक, असं एकेक करत मध्ये थोडा वेळ सोडायचा आणि फक्त कानाच्या टोकाकडे बघायचं. ऐकू आलं तर बहुधा झोपेतही टोक हलतं. बाबलोचं टोक चाव्यांना हललं नाही, शिट्टीला नाही, माझ्या हाकेला नाही. पलीकडच्या वाड्यावरची बुलेट सुरू झाली तेव्हा मात्र छान हललं.

म्हणजे माझा आवाज गेला आणि बुलेटचा राहिला. ठीक आहे.

अर्थात कान आतून भरलेलाही असू शकतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोंबत्या कानात ओल राहते आणि बुरशी धरते. तपकिरी मळ, आंबूस वास, डोकं सारखं झटकणं आणि मागच्या पायाने खाजवणं ही त्याची लक्षणं. त्यात काडी किंवा कापसाचा बड घालायचा नाही, मळ आणखी आत ढकलला जातो. घरात उरलेले थेंबही नकोत: पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी उरलंसुरलं ऐकणंही जातं. आधी डॉक्टरने आत दिवा धरून पडदा बघायचा, मग औषध. बाबलोचे कान तसे स्वच्छ निघाले. मला खरं तर मळ निघालेला आवडला असता. मळ काढता येतो.

वासाचं कोडं मात्र सुटेना, आणि सुटलं ते कपडे वाळत घालताना. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. आमचं गेट पूर्वेला. मी गेटाशी उभी असते तेव्हा माझा वास घराकडे येतच नाही, मागच्या माडांत जातो. सोप्याच्या पायरीवर येईपर्यंत बाबलोच्या दृष्टीने मी आलेलीच नसते. स्वयंपाकघर पश्चिमेला, त्यामुळे बांगडा थेट नाकात.

हे कळल्यावर फार बरं वाटलं. मग पुढचा हिशेब केला. हिवाळ्यात पहाटेचा वारा जमिनीकडून, पूर्वेकडून येतो, तेव्हा गेटावरचा वास घरात पोचेल. पण पहाटे गेटावर कोण असतो? पोदेर, आमचा पाववाला. भोंगा वाजवत, गरम उंडे म्हणजे पाव घेऊन. मी येते संध्याकाळी, तेव्हा वारा पुन्हा समुद्रावरून. म्हणजे भोंगा ऐकू न येताही पोदेराला तो ओळखणार आणि मी आपली माडांना कळणार.

असो.

आजीला हे सगळं सांगितलं. तिने कानातलं मशीन काढून ठेवलं होतं, म्हणून दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं की. नरकासुराच्या रातीं निवांत झोपेल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गणेश चवथीच्या फटाक्यांना हा देवखोलीत चौरंगाखाली शिरायचा. नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, तर पहाटे पुतळा जळेपर्यंत पलंगाखालून बाहेर येत नसे, पाणीसुद्धा पीत नसे. यंदा फटाक्याचा फट्ट कदाचित कळणारही नाही. डीजेचा धडधडाट मात्र कळेल, तो खालच्या पट्टीतला आणि जमिनीतूनही येतो. तेव्हा अंधार पडायच्या आत फिरवून आणायचं, रस्त्यापासून लांबच्या मधल्या खोलीत गोधडीची जाड घडी घालायची, पडदा ओढायचा, पंखा लावायचा. आजीपण तिथेच झोपणार म्हणते. दोघांची एकमेकांबद्दल काही तक्रार नसते.

बाकीची सोय सोपी आहे, घरच्यांनी पाळली तर. झोपेत अंगावर हात टाकायचा नाही. ऐकू न येणारा कुत्रा दचकतो आणि दचकला की चावू शकतो, मग तो कितीही आपला असो. आधी नाकासमोर हात धरायचा, वास लागू द्यायचा, मग खांद्यावर टेकवायचा, रोज त्याच जागी. अंधार असेल तर सोप्यावरचा दिवा दोनदा चालू-बंद. मोकळं सोडणं बंद, कारण शनिवार-रविवारी आमच्या गल्लीतून भाड्याच्या स्कूटरी कशा जातात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि हॉर्न हा आता त्याच्या उपयोगाचा नाही. गळ्यात एक घुंगरू बांधलंय. त्याला ते ऐकू येत नाही, आम्हाला येतं, तो कुठे कडमडला ते कळायला.

आणि खुणा. शिकवायला वेळ लागत नाही: हाताची एक ठरलेली हालचाल, त्याबरोबर लगेच उकडलेल्या माशाचा काटा काढलेला कण, पाचेक मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. कण नखाएवढा. हुमणातला, म्हणजे माशाच्या आमटीतला नाही, त्यात कांदा असतो आणि कांदा कुत्र्याला विषच. असल्या वरखाऊ खाण्याने दिवसाच्या जेवणाच्या दहाव्या हिश्शाच्या वर जायचं नाही. आमच्याकडे हा हिस्सा प्रत्येकजण आपापला स्वतंत्र धरतो आणि मग आई काळजी करते की बाबलो हल्ली भात खात नाही.

खुणा ठरवून कागद फ्रिजवर लावला. तळहात खाली म्हणजे बस. तळहात आपल्याकडे म्हणजे ये. अंगठा वर म्हणजे शाबास. बाबांनी पहिल्याच दिवशी "नाटकं बंद"साठी बोट नाचवायला सुरुवात केली, जे कागदावर नाही. आत्याने कागद वाचलेलाच नाही. ती जेवताना "आता नाही हं, संपलं" म्हणून तळहात खाली करते. बाबलो लगेच बसतो, एकदम सरळ, शाळेतल्यासारखा. आत्याला वाटतं बिचारा किती समजूतदार झाला म्हातारपणी, आणि ती आणखी एक तुकडा टाकते.

आत्याला खूण समजावून सांगायला हवी. उद्या जेवणात तारले मासे आहेत, परवा सांगेन.