पोट सुटलेली भिंत

मी ठाण्यात राहून इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करतो आणि त्या बहुतेक काँक्रीटच्याच असतात. त्यामुळे मागच्या जूनमध्ये घणसोली गावठाणातील एका जुन्या दगडी घराच्या पाहणीला गेलो, तेव्हा माझ्या छापील तक्त्यातील निम्मे रकाने पहिल्या पाच मिनिटांतच निरुपयोगी ठरले. कॉलमची मापे, सळयांचा गंज, काँक्रीटची ताकद यांपैकी तेथे काहीच लागू नव्हते. काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंती, सागाच्या तुळया, वर मंगळुरी कौले. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी.

रस्त्याकडील भिंतीला पोट सुटले होते. ओळंबा सोडून पाहिले, तर मधोमध जवळजवळ दोन इंचांचा फुगवटा भरला. आतील सिमेंटचा गिलावा ओलाचिंब होता आणि खालच्या हातभर पट्ट्यात पांढरा क्षार फुलला होता. घर पाडून तीन मजले चढवावेत, अशी धाकट्या मुलाची इच्छा होती. मीही 'सी-1', म्हणजे रिकामे करून ताबडतोब पाडावे, असा शेरा मनातल्या मनात लिहून टाकला होता. त्याच वेळी ओटीवर बसलेल्या आजी म्हणाल्या, "गिलावा केला त्या सालापासून ही भिंत रडते. आधी कधी रडली नव्हती."

त्यांच्या परवानगीने तीन ठिकाणी गिलावा फोडला. अशी भिंत एकसंध नसते. बाहेर आणि आत दगडांचे दोन थर, मध्ये दगडगोटे व चुन्याची भर, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड अशी तिची रचना असते. काळा दगड स्वतः पाणी फारसे पीत नाही. ओल चढते ती चुन्याच्या सांध्यांतून आणि सुकतेही तेथूनच. सिमेंटने नेमकी ती वाट बुजवली होती. त्यात समोरचा रस्ता वर्षानुवर्षे थरावर थर चढवून इतका उंच झाला होता, की जोत्याच्या दोन पायऱ्या जमिनीत गेल्या होत्या आणि पावसाचे पाणी भिंतीच्या पायाशीच थांबत होते. आतली भर धुपून खाली बसली आणि तिच्या दाबाने बाहेरचा थर ढकलला गेला. मात्र फोडलेल्या तिन्ही ठिकाणी आरपार दगड शाबूत निघाले. तुळयांवर हातोडी वाजवली, तर एकच टोक पोकळ वाजले.

शेरा 'सी-2ए' लिहिला, म्हणजे घर रिकामे करून दुरुस्ती. भिंतीला तातडीने टेकू, पायालगत पाण्याला चर, सिमेंट पूर्ण काढणे आणि पावसाळा संपल्यावर फुगलेला भाग उतरवून चुन्यातच पुन्हा बांधणे, असे सुचवले. मुलगा नाराज झाला. आजींनाही चार महिने लेकीकडे जावे लागणार होते, त्यामुळे त्याही फार खूश नव्हत्या. तक्त्यात चुन्यासाठी रकानाच नसल्याने हे सगळे मी 'इतर' या दोन ओळींच्या जागेत सुरू करून पानाच्या पाठीमागे संपवले.