तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशात, लहान मुलांच्या घरात, बायकोचा वाढदिवस

परदेशात नव्याने घर थाटलेली, पदरी एक-दोन लहान मुले असलेली ओळखीची मंडळी मला एक प्रश्न नेहमी विचारतात. आजी-आजोबा जवळ नाहीत, मदतीला कोणी नाही, मुले अजून इतकी लहान की त्यांच्यावर काही सोपवावे अशी सोय नाही. मग अशा घरात बायकोचा वाढदिवस तुम्ही नेमका कसा साजरा करता? हा प्रश्न बहुधा नवरे विचारतात, आणि वाढदिवस दोन दिवसांवर आला की विचारतात. या दिवसाला मी फार मानतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

बहुतेक घरांत इतर सगळ्यांचे वाढदिवस बायकोच्याच डोक्यात असतात. मुलांच्या वाढदिवसाची तयारी, सासू-सासऱ्यांना वेळेवर फोन, मुलांच्या मित्रांसाठी आणायच्या भेटी, हे सारे ती न सांगता करत असते. तिचा स्वतःचा दिवस उजाडतो तेव्हा मात्र हे काम करणारे घरात दुसरे कोणी नसते. मायदेशी ही उणीव माहेरची माणसे, जुन्या मैत्रिणी, वहिन्या आपसूक भरून काढतात. परदेशात शेजारी आणि सहकारी कितीही चांगले असले, तरी ते तिला अमक्याची आई किंवा तमक्या विभागातली सहकारी एवढेच ओळखतात. ती आई होण्याआधी कोण होती, कशावर चिडायची, कशासाठी हट्ट धरायची, हे त्या गावात बहुधा नवऱ्याखेरीज कोणालाही ठाऊक नसते. म्हणून माझे म्हणणे असे की, या एका दिवशी ती आधीची मुलगी तिला स्वतःला पुन्हा भेटली पाहिजे आणि तिच्या मुलांनाही भेटली पाहिजे. बाकीचे सगळे मी यावरून ठरवतो.

आधी फोनचे सांगतो, कारण परदेशातल्या वाढदिवसाचा बराचसा भाग फोनवरच जातो आणि तिथेच तो वायाही जातो. भारताचे घड्याळ बारा महिने एकच असते. युरोपात आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांत ते उन्हाळ्यासाठी तासभर पुढे नेतात. त्यामुळे लंडन भारताच्या कधी साडेपाच तर कधी साडेचार तास मागे असते, न्यू यॉर्क कधी साडेदहा तर कधी साडेनऊ तास. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास ज्यांचे वाढदिवस येतात त्यांनी हा हिशेब दरवर्षी नव्याने करावा, कारण घड्याळ बदलण्याच्या तारखा युरोपात वेगळ्या आणि अमेरिकेत वेगळ्या असतात. या फरकाची एक गोड बाजूही आहे. भारतात मध्यरात्र होऊन तारीख बदलते तेव्हा न्यू यॉर्कमध्ये उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे दुपारचे अडीच वाजलेले असतात. म्हणजे माहेरच्या पहिल्या शुभेच्छेपासून इथली रात्र संपेपर्यंत धरले, तर तिचा वाढदिवस साडेतेहतीस तासांचा होतो. सिडनीसारख्या पूर्वेकडच्या शहरांत हेच उलटे घडते आणि माहेरचे फोन दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत येऊ शकतात. मी दोन्हीकडच्या वेळा कागदावर मांडून, कोणी कधी फोन करायचा हे सासरी आणि माहेरी आधीच कळवून ठेवतो. तसे केले नाही तर सगळे फोन नेमके मुलांच्या झोपायच्या घटकेला येतात.

मुलांसह होणारा व्हिडिओ कॉल कसा होतो हे तुम्हीही पाहिले असेल. पहिल्या मिनिटाला धाकटा फोन हातात घेतो आणि पडद्यावर त्याच्या नाकाखेरीज काही दिसत नाही. थोरली त्याच्या हातून फोन ओढते, तोवर पलीकडे आजी-आजोबा नातवंडांना पाहून हरखून गेलेले असतात. जिचा वाढदिवस आहे ती बाजूला उभी राहून फोन सरळ धरण्याचे काम करते, आणि शेवटी घाईघाईने तिचे अभिनंदन होते. यात दोष कोणाचाच नाही. आजी-आजोबांना नातवंडे रोज दिसत नाहीत. पण त्या दिवशी दोन फोन व्हावेत असा माझा आग्रह असतो: एक मुलांसह, हवा तेवढा गोंधळाचा, आणि दुसरा फक्त तिचा, दार लावून, तिच्या आईशी. तेवढा वेळ मी मुलांना घेऊन घराबाहेर जातो. ज्या दिवशी मूल झाले तो दिवस आईचाही असतो, आणि त्या दोघींना तो एकमेकींशी बोलायला मिळावा यासाठी इतर सर्व बेत पुढे-मागे करावे लागले तरी चालतील, असे मला वाटते.

वाढदिवसाच्या काही आठवडे आधी मी तिच्या माणसांना एक विनंती करतो. नुसत्या शुभेच्छा न पाठवता प्रत्येकाने तिच्या लहानपणीची एक गोष्ट आपल्या आवाजात सांगून पाठवावी, आणि ती मुलांना कळेल अशी सांगावी. मागे तिच्या थोरल्या भावाने सांगितले की चेंडू काढायला ती शाळेच्या भिंतीवर चढली, मग खाली उतरायची भीती वाटली म्हणून तिथेच बसून राहिली, आणि शिपाईकाकांनी शिडी आणली तरी ‘दादा आल्याशिवाय उतरणार नाही’ म्हणून अडून बसली. आमची थोरली ती गोष्ट श्वास रोखून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारले, “मग आईला कोणी ओरडलं का?” आपल्यालाच भिंतीवरून खाली उतरायला सांगणारी आई कधी काळी भिंतीवर अडकून बसली होती, ही बातमी तिच्यासाठी फार मोठी होती. पुढे कित्येक दिवस ती आईला ‘आणखी काय काय केलंस’ असे विचारत राहिली, आणि आईही सांगत राहिली. मायदेशी अशा गोष्टी मुलांच्या कानावर येता-जाता पडतात. इथे त्या मुद्दाम मागवाव्या लागतात. मागवायला संकोच करू नका. माणसे आनंदाने सांगतात.

मुलांना या दिवसात सामील कसे करावे, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. लहान मुलाकडून गुपित राखले जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. दुसऱ्याच्या मनातली समजूत आपल्या माहितीपेक्षा वेगळी असू शकते, हे मुलांना साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत नीट उमगत नाही. हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनंतर यावर पुष्कळ काम झाले आहे. तीन वर्षांचे मूल आईला जाऊन सांगते, “कपाटात काय आहे ते आम्ही तुला सांगणार नाही,” आणि त्याच्या दृष्टीने त्याने गुपित अगदी नीट राखलेले असते. म्हणून खरोखरच लपवायची गोष्ट त्याला सांगूच नये. त्याच्या हाती असे काम द्यावे ज्याचा आनंद आधी फुटला तरी कमी होत नाही, आणि त्यासाठी हाताने काढलेल्या चित्रासारखे काही नाही. या वयाची मुले माणूस काढताना मोठे गोल डोके काढतात आणि पाय थेट डोक्यालाच जोडतात, धड नसतेच. त्या चित्रात सुधारणा सुचवण्याचा मोह आवरावा. पुढच्या वर्षी मूल धड काढू लागते आणि मग तसे चित्र पुन्हा मिळत नाही. चित्रामागे तारीख घालून आम्ही ती सगळी एका फायलीत ठेवली आहेत.

वाढदिवस कामाच्या दिवशी आला की परदेशात बहुतेक जण तो शनिवार-रविवारवर ढकलतात. सोय म्हणून ते ठीकच आहे, पण घरात लहान मुले असतील तर खऱ्या तारखेलाही काहीतरी घडावे. वाढदिवस साजरा झाल्यामुळेच माणूस मोठा होतो, असे अनेक लहान मुलांना मनापासून वाटते. मुलांच्या समजुतींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनाही हे आढळले आहे. आमच्या धाकट्याने एकदा काळजीने विचारले होते, की रविवारी समारंभ आहे तर आई तोपर्यंत जुन्याच वयाची राहणार का? तेव्हापासून खऱ्या तारखेला सकाळी आम्ही तिघे तिच्यासमोर उभे राहून तिचे नवे वय मोठ्याने जाहीर करतो. त्याला दोन मिनिटे लागतात आणि मुलाचे समाधान होते.

भेटवस्तूंविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे नाही. तिची आवड तुम्हाला ठाऊक असेलच. वेळेविषयी मात्र सांगतो. लहान मुलांच्या आईला दिवसात सलग तीन तासही स्वतःचे मिळत नाहीत, आणि ते मिळवून देणे नवऱ्याला, पैसे असोत वा नसोत, नक्की जमते. आम्ही एका ओळखीच्या कुटुंबाशी अदलाबदल ठरवली आहे: त्यांच्या घरच्या वाढदिवसाला त्यांची मुले आमच्याकडे, आमच्या घरच्या वाढदिवसाला आमची त्यांच्याकडे. कार्यालयातली अर्ध्या दिवसाची रजा मी वर्षाच्या सुरुवातीलाच टाकून ठेवतो. त्या तासांत तिने काय करावे हे मी ठरवत नाही. कधी आम्ही दोघे लांबवर चालत जातो, तर कधी तिला माझीही सोबत नको असते, आणि तेही मी मनापासून मान्य करतो. संध्याकाळचा पसारा तिने आवरायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. हा नियम आमच्याकडे मुलांनाही पाठ आहे.

आणि ‘तिला विचारले तर ती काहीच नको म्हणते’ अशी तक्रार करणाऱ्यांसाठी एवढेच: ‘तुला काय हवे’ असे विचारू नका. तिच्यासमोर ठरवायचे आणखी एक काम ठेवले की ती नकोच म्हणणार. “शनिवारी दोन ते पाच मुले माझ्याकडे आहेत, तुला कुठे सोडू?” असे विचारा. या वर्षी मी असेच विचारले, तेव्हा तिने क्षणाचाही विचार न करता सार्वजनिक वाचनालयाचे नाव घेतले, आणि पाच वाजता न्यायला येऊ नकोस, साडेसहाला ये, असेही बजावले.