तुम्ही विचारलंत म्हणून: पळीभर तेल

लग्नाच्या पंगतीत, एस.टी.त, दुखवट्याच्या घरीसुद्धा मला हा प्रश्न येतो. शहरातले लोक जरा आदबीने विचारतात, "मध्ययुगीन मराठीत एम.ए., वर पीएच.डी., म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" आमचे आप्पा आडपडदा ठेवत नाहीत. "ते जुनंपानं शिकीसन काय व्हई वं बेटा?" मागच्या महिन्यात एक ताई मुलीला घेऊन घरीच आल्या. पोरीला हेच शिकायचंय, घालू का, असं म्हणाल्या. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, पण उत्तर माझ्याकडून नीट दिलं गेलं नाही. ते आता देते.

आधी पोटाचं. पीएच.डी. झाली की नोकरी, हे खरं नाही. मी काही वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. पगार तासांवर, तोही सहा-सहा महिन्यांनी, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा द्यावी लागते. तीत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये येतात आणि संशोधनाची पहिली दोन वर्षं निभावतात. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: मोडी शिका. जुने दप्तरातले कागद याच लिपीत आहेत. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि कालपर्यंत ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्या मोडीवाचकांना तहसीलमधून फोन येऊ लागले. जमिनीचे जुने कागद वाचून द्यायलाही माणसं दारात येतात. ज्ञानेश्वरीने मला पैसे दिले नाहीत. मोडीने थोडेफार दिले.

आता "करता काय" याबद्दल. वाचतो. ऐकायला सोपं वाटतं. पण जुन्या पोथीत शब्द सुटे नसतात, ओळ सलग चालते. कुठे तोडायचं ते आपण ठरवायचं, आणि चुकीच्या जागी तोडलं की अर्थ भलतीकडे जातो. 'ख'च्या जागी 'ष' असतो, म्हणजे 'मुष' दिसलं की 'मुख' वाचायचं. चूक झाली तर लेखनिक त्यावर पिवळी हरताळ (एका खनिजाचा रंग) लावून पुन्हा लिहायचा. आपण 'हरताळ फासला' म्हणतो ते तिथून आलंय. पहिल्यांदा धुळ्याला एका पानावर तो पिवळा डाग पाहिला तेव्हा मी शेजारच्याला कोपराने ढोसलं होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या कोणाची तरी चूक, आणि ती लपवायची त्याची धडपड. पोथीच्या शेवटी तो वर हातही झटकतो: "यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया". जसं दिसलं तसं उतरवलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका.

धुळ्याचं नाव आलंच आहे. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले. त्यांच्या मागे 1927 मध्ये तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच शहरात समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी पोथ्यांचा मोठा साठा आहे. पुण्याला जायची ऐपत नसलेल्या माझ्यासारख्या मुलीला सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी परतता यायचं, हे या शहराचे माझ्यावर असलेले मोठे उपकार. डबा सोबत, पेन्सिल सोबत. पोथीजवळ पेन नेत नाहीत.

खरी अडचण अनोळखी शब्दांची नसते. अनोळखी शब्दाला कोश असतो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाऊस यांचा प्राचीन मराठीचा कोश उघडायचा. अमेरिकेतल्या बाईंनी आयुष्य घालून आपल्याच जुन्या भाषेचे शब्द गोळा केले, हे ऐकून आप्पा बराच वेळ गप्प होते. फसवतो तो ओळखीचा शब्द. एम.ए.च्या पहिल्याच वर्षी मी 'पाहे'चा अर्थ बिनधास्त 'बघतो' असा लिहिला होता. सरांनी काही न बोलता समासात 'उद्या' लिहिलं आणि वही परत केली. जुन्या मराठीत 'पाहे' म्हणजे उद्यासुद्धा. तेव्हापासून ओळखीचा शब्द दिसला की माझी बोटं आपोआप कोशाकडे जातात.

लीळाचरित्रात, म्हणजे महानुभावांच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या जुन्या ग्रंथात, स्वामी जेवत नाहीत, त्यांना 'आरोगण' होते. हा शब्द मी दोन वर्षं फक्त कागदावर ओळखत होते. मग नंदुरबारला एका मैत्रिणीकडे गेले. शेजारच्या गुजराती आजी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णापुढे वाटी ठेवून म्हणत होत्या, "आरोगो". मी दारातच उभी राहिले. स्वामी मूळचे गुजरातेतले, भडोचचे, अशी महानुभावांची परंपरा सांगते. त्या एका शब्दावरून ते सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण खानदेशात राहून जुनी मराठी शिकण्यात एक सोय आहे. एका अंगाला गुजराती, दुसऱ्या अंगाला नेमाडी, घरात अहिराणी. फारुकी सुलतानांनी 1382 पासून 1601 पर्यंत इथे राज्य केलं. थाळनेरला त्यांच्या कबरी आहेत आणि आमच्या बोलण्यात फारसी. तुमचे कान आधीच तयार असतात. फक्त त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही.

हे मला पाटणादेवीने शिकवलं. चाळीसगावजवळचं पाटण. लहानपणी आम्ही नवरात्रात तिथे जायचो. नारळ, गर्दी, माकडं, आणि आईच्या पदराला धरलेला हात. तिथला शिलालेख मी पाहिला तो थेट एम.ए.ला, पुस्तकात. शके 1128 चा, म्हणजे इ.स. 1206-07 चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवांच्या दरबारी ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला आणि इथल्या निकुंभ राजाने त्याला उत्पन्न लावून दिलं. (हा चांगदेव वेगळा. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या, ज्ञानेश्वरांच्या पासष्टीतल्या चांगदेवाशी त्याची गल्लत आमच्याकडे शिकलेली माणसंही करतात.) लेख संस्कृतात सुरू होतो. राजाचं कुळ, भास्कराचार्यांचं कुळ, सगळं श्लोकांत. आणि शेवटी, जिथे कोणी काय द्यायचं ते येतं, तिथे एकदम मराठी. 'केणें' म्हणजे विकायचा माल, 'राउला' म्हणजे राजाकडे, 'मढा' म्हणजे मठाला. घाणा चालतो त्याने घाण्यामागे पळीभर तेल द्यायचं. मोठेपणा संस्कृतात सांगितला तर चालतो. वसुली करायची तर तेल्याला कळलं पाहिजे.

त्यातच एक क्रियापद आहे, 'दीन्हला'. दिला. मी ते वाचलं आणि उडालेच, कारण माझी आजी रोज म्हणायची, "त्यानी माले काही दिन्हं नही." आठशे वर्षांपूर्वीच्या दगडावर माझी आजी! मी प्रबंधात जोशात लिहून टाकलं की शिलालेखाची भाषा अहिराणीच आहे. सरांनी अख्खं पान आडवं खोडलं. म्हणाले, "बाई, संस्कृत दत्तचं प्राकृतात दिण्ण झालं. ते अवधीत दीन्हा म्हणून सापडतं. मग तुळशीदासही चाळीसगावचे का?" आठवडाभर मी त्यांच्यावर रुसून होते. त्यांचं बरोबर होतं. एकाच आजीच्या दोन नाती सारख्या दिसल्या म्हणून एक दुसरीची आई होत नाही. आमच्याकडे अहिराणीच्या अभिमानाने भाषणं करणारे पुष्कळ आहेत, तेवढ्याच अभिमानाने प्राकृताचं व्याकरण उघडणारे कमी. दुसऱ्या बाजूने, अहिराणीला अशुद्ध मराठी म्हणून वर्गात हसणारे मास्तरही मी पाहिलेत. त्यांनाही हे एक क्रियापद दाखवावं असं वाटतं.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दिवशी मला अभिनंदनाचे अकरा मेसेज आले, जणू मीच अर्ज केला होता. त्यातल्या एकानेही अजून पोथी उघडलेली नाही. असो.

तर ताई, मुलीला घालायचं का? तिला आधी एक काम द्या. लीळाचरित्रातली एक लीळा, छापील पुस्तकातली, तिला हाताने उतरवून काढायला सांगा. उतरवताना ती मध्येच थांबून "हा शब्द असा का?" असं दोनदा जरी विचारू लागली, तर घाला आणि सोबत मोडीचा वर्गही लावा. तीन ओळींत कंटाळली तर बी.एड. बरं. त्यात काही कमीपणा नाही.

परवा आप्पा आले होते. त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता, बैलावरचा. म्हणून त्यांना पाटणच्या मठाची आणि पळीभर तेलाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली, अडकित्त्याने सुपारी कातरली आणि विचारलं, "आनि घानावालानी नही दिन्हं ते?"

मी वही शोधायला उठले.