त्या बायकांनी खाल्लं काय?

कामठी रोडवरच्या एका शाळेत मी गाणं शिकवतो. 26 जानेवारी जवळ आली की पेटी बाहेर निघते आणि 'हम होंगे कामयाब' सुरू होतं. बारा वर्षं मी ते केरव्यात, कवायतीच्या चालीनं बसवत आलोय. पोरं जीव तोडून ओरडतात, पाहुणे माना डोलावतात, काम झालं.

यंदा सातवीतल्या एका पोरानं मध्येच विचारलं, "सर, कामयाब कशात व्हायचं? परीक्षेत?"

पेटीचा भाता बंद केला. सांगितलं की हे मूळचं अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, 'वुई शॅल ओव्हरकम'. 1963 च्या मे महिन्यात बर्मिंगहॅम शहरात तुमच्याएवढी काळी पोरं वर्णभेदाविरुद्ध गाणी म्हणत चर्चमधून रस्त्यावर आली. पोलिसांनी त्यांना शेकड्यानं जेलमध्ये नेलं, दुसऱ्या दिवशी अंगावर पाण्याचे जोरदार झोत आणि कुत्री सोडली. वर्ग चिडीचूप. कुत्र्यांमुळे असेल.

मग म्हटलं, त्याही आधी, 1945 मध्ये, चार्ल्स्टनच्या सिगार कारखान्यातल्या बायका संपावर बसल्या होत्या, त्यांनी हे गाणं म्हटलं. दिवसाच्या शेवटी, अगदी संथ.

"सिगार म्हणजे तंबाखूच ना?" मागच्या बाकावरची मुलगी बोलली. वर्षभरात पहिल्यांदा. "माझी आजी विड्या वळते."

तिला पुढं बोलावलं. तिनं हवेतच करून दाखवलं: भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. बोटं इतकी सराईत होती की ती स्वतःही वळत असणार हे कळलं. मी विचारलं नाही. "ठेकेदार खराब म्हणून काढते त्याचे पैसे देत नाही. पण विडी घेऊन जाते."

कामठीच्या बाबू हरदासांनी विडी कामगारांची संघटना बांधली होती, हे मी सांगायच्या आधीच एक जण ओरडला, "कन्हानवर त्यांची समाधी हाये, आम्ही जातो!" संघटना करायचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्ये आहे. नागरिकशास्त्रात पोरांनी तो पाठ केला होता, पण आजीच्या विड्यांशी त्याचा संबंध कुणी लावला नव्हता. मीही नाही.

ढोलकी बाजूला ठेवली. गाणं संथ धरलं. पोरांचा श्वास पुरेना, आवाज फाटले, दोघं हसले. तरी ओळ कुणी सोडली नाही. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "काहून इतकं रडकं म्हणून राहिले?" त्यांचंही खरं, पाहुणे यायचे होते.

निघताना ती मुलगी थांबली. "संपाचं पुढं काय झालं?"

"पाच महिने चालला. थोडी मजुरी वाढली."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच तिनं मला गाठलं.

"सर, आजी म्हणे, पाच महिने त्या बायकांनी खाल्लं काय?"