पुढचे दात मागे घ्यायला हिरडीत स्क्रू बसवला, माझा अनुभव

माझे वरचे पुढचे दात एवढे बाहेर होते की ओठ नीट मिटायचेच नाहीत, जोर लावून मिटले की हनुवटीवर सुरकुत्या पडायच्या. नोकरी लागल्यावर ब्रेसेस लावायच्या ठरवल्या. दातांच्या डॉक्टर मॅडमनी एक्सरे काढले, मापं घेतली आणि सांगितलं की वरच्या दोन्ही बाजूंची पहिली उपदाढ, म्हणजे सुळ्याच्या लगेच मागचा दात, काढायची म्हणजे पुढच्या सहा दातांना मागे यायला जागा होईल. इथपर्यंत ठीक होतं, माझ्या मैत्रिणीचंही असंच झालेलं. पण मग त्या म्हणाल्या, "तुला दोन मिनी स्क्रू पण बसवू," आणि मी एकदम गप्पच झाले. घरी आई म्हणाली, "हाडात स्क्रू? काही गरज नाही, तारेनेच होऊ दे."

मॅडमनी मात्र मॉडेल हातात घेऊन नीट समजावलं आणि ते मला पटलं. उपदाढ काढली की साधारण ७ मिमी जागा होते. पुढचे दात ओढायला आधार लागतो, तो एरवी मागच्या दाढांचा घेतात, पण रस्सीखेचीत जसे दोन्हीकडचे गडी थोडेथोडे सरकतात तसंच इथे होतं, पुढचे दात मागे येतात आणि दाढा पुढे येतात, म्हणजे दात काढून मिळवलेली जागा काही प्रमाणात दाढाच खातात. माझे दात खूपच पुढे असल्यामुळे मला ती जागा जवळजवळ पूर्ण हवी होती. म्हणून दाढेऐवजी हाडातल्या स्क्रूवरून ओढायचं. त्या रात्री मी वाचत बसले तर १९८३ मध्येच अमेरिकेत क्रीकमोर आणि एकलंड यांनी नाकाखालच्या हाडात स्क्रू बसवून वरचे पुढचे दात वर उचलले होते, आणि खास दातांच्या कामाचा छोटा स्क्रू १९९७ मध्ये जपानच्या कानोमींनी मांडला. माझ्यावर काही नवीन प्रयोग होत नाहीये हे कळलं आणि बराच धीर आला.

बसवताना खरंच फार काही झालं नाही. स्क्रू टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, जाडी दीड मिमी आणि लांबी ८ मिमी, बसतो दुसरी उपदाढ आणि पहिली मोठी दाढ यांच्या मुळांच्या मधे. भूल मुद्दाम थोडीच देतात, हिरडीपुरती, कारण स्क्रू मुळाला लागायला आला तर पेशंटला दुखलं पाहिजे, म्हणजे डॉक्टर तिथेच थांबतात. मला फक्त दाब जाणवला, उपदाढ काढताना याच्यापेक्षा कितीतरी जास्त त्रास झाला होता. संध्याकाळी हिरडी ठणकली, एक गोळी घेतली आणि झोपले.

मग स्क्रूपासून तारेवरच्या हुकापर्यंत निकेल टायटॅनियमची बारीक स्प्रिंग लावली. तिची ओढ दीडशे-दोनशे ग्रॅमचीच असते, जास्त जोराने दात लवकर येत नाहीत, उलट मुळांना इजा होऊ शकते. महिन्याला जेमतेम १ मिमी, कधी त्याहून कमी, त्यामुळे आरशात रोज बघून काहीच कळत नाही. मी दर महिन्याला बाजूने फोटो काढायचे आणि त्यात मात्र फरक दिसायचा.

मधे डाव्या बाजूचा स्क्रू हलायला लागला तेव्हा मी खूप घाबरले. मॅडम म्हणाल्या, "अगं, शंभरात तेरा-चौदा निघतातच." कृत्रिम दात बसवायला हाडात इम्प्लांट घालतात, हा स्क्रू त्याच्यासारखा हाडाशी एकजीव व्हायची वाट बघत नाहीत, तो नुसत्या पकडीवर उभा असतो, त्यामुळे कधीकधी सैल होतो. तो काढून थोडा बाजूला दुसरा बसवला, तो शेवटपर्यंत टिकला. पण स्वच्छतेचं मी कळकळीने सांगते, स्क्रूच्या भोवती अन्न अडकलं की हिरडी सुजते आणि सुजली की स्क्रू सैल व्हायची भीती वाढते. मऊ ब्रश, जेवणानंतर चूळ, मॅडमनी दिलेलं माउथवॉश, आणि स्क्रूला जीभ किंवा बोट अजिबात लावायचं नाही, हे रोज करायचंच.

जागा भरल्यावर स्क्रू भूल न देताच उलटे फिरवून काढले, भोकं थोड्याच दिवसांत भरली. आता ओठ आपोआप मिटतात, जोर लावावा लागत नाही, आणि आई सगळ्यांना माझे आधीचे आणि आत्ताचे फोटो दाखवत असते. दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर मात्र रोज रात्री लावते, कारण दात परत पुढे सरकू शकतात. तुम्हाला कुणी स्क्रू सुचवला असेल तर डॉक्टरांना एवढं नक्की विचारा की माझ्या दाढा पुढे आलेल्या चालतील का, आणि चालत असतील तर किती. स्क्रू लागणार की नाही ते बरंचसं त्यावरच ठरतं.