तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्रा, आणि ट्रेमध्ये?

"कुत्रा ना हा? मग मांजरासारखा ट्रेमध्ये शू-शी कशी काय करतो?" घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. मागोमाग हसत, "बाहेर न्यायचा कंटाळा, दुसरं काय!"

आहे कंटाळा. पण कारण तेवढंच नव्हतं. गुंड्या आला तेव्हा दोन महिन्यांचा होता, लसी अर्ध्याच झालेल्या. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. आणि एवढंसं पिल्लू दोन-तीन तासांपलीकडे शू धरू शकत नाही. त्याला जागा नेमून दिली नाही, तर सगळं घरच त्याची जागा.

मांजराची, ओली झाली की घट्ट होणारी वाळू घेतली नाही. पिल्लं काहीही गिळतात, आणि ती आतड्यात अडकू शकते. कागदाच्या गोळ्या घातल्या. उठला की, जेवला की, खेळून झालं की ट्रेमध्ये ठेवायचं. केलं की लगेच खाऊ. चार दिवसांत जमलं. सोपं असतं हो, असं मी सांगतसुद्धा सुटले.

पाचव्या रात्री तीनला उठले, तर साहेब पायपुसण्यावर. मी किंचाळले. होत असतानाच उचलला आणि ट्रेमध्ये आदळलाच म्हणा. शू मधेच थांबली. शेपूट पोटाशी घेऊन तो उभा राहिला, माझ्याकडे न बघता.

त्यानंतर तो माझ्यासमोर करेचना. ट्रेमध्ये ठेवलं की उभा राहायचा, उतरायचा, आणि मी वळले की सोफ्यामागे. मी म्हणायचे, डूख धरतोय. किती मूर्ख होते! 'पायपुसण्यावर नको' हे तो शिकलाच नव्हता. शिकला होता ते 'हिच्यासमोर नको'. आणि ट्रेची सगळी शिकवणी तर समोर करण्यावरच चालते. समोर केलंच नाही तर खाऊ द्यायचा कशाबद्दल? त्यात सोफ्यामागची फरशी मी अमोनियाच्या क्लीनरने पुसत होते. लघवीलाही तसलाच वास. म्हणजे 'इथे करा' अशी पाटी मीच लावत होते.

दोन आठवडे ट्रेकडे पाठ करून जमिनीवर बसले, मुठीत खाऊ घेऊन, गोळ्यांची करकर ऐकू येते का याची वाट बघत. ओली झालेली एक गोळी वासासाठी मुद्दाम आत ठेवायचे. (हो, किळस यायची.) रात्री तीनला तुमच्यापैकी कोण शांत राहिलं असतं, असंही मनात येतं. पण किंचाळले मीच.

आता तो सात महिन्यांचा आहे. अजूनही कधी पुढचे पाय ट्रेमध्ये आणि मागचे बाहेर. त्याच्या हिशेबी तो आत असतो. लसी केव्हाच झाल्या. रोज तासभर फिरवते, तर प्रत्येक झाड हुंगतो, काहीही करत नाही, आणि दार उघडताच ट्रेकडे धावतो. हे तुम्ही पाहिलंय, म्हणूनच हसता. पहिल्या दिवसापासून बाहेरच न्यायला हवं होतं का? रोज वाटतं, हो. मग पार्वो आठवतो.