साठ ओहमनं दिलेला दगा

करूळ घाट चढून वैभववाडीचे एक निवृत्त मास्तर आमच्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या गॅरेजात आले, तेव्हा त्यांचे हात कापत होते. ऐन वळणावर स्टिअरिंग जड झालं, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर आला, एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टिअरिंगचे दिवे एकदम लागले. तीन महिन्यांत एबीएसचं नवं युनिट बसवून झालं होतं, भंगारातून आणलेलं डॅशबोर्डचं मीटरही.

बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. यू०१२१, म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला. या एका कोडपायी गिऱ्हाइकांचे फार पैसे गेलेत. एबीएसचा आवाज येत नाही, एवढंच तो सांगतो. एबीएस मुका झालाय की मधली वाट बंद आहे, ते आपण शोधायचं असतं. पोरं स्कॅनरवर नाव वाचतात आणि तोच पार्ट मागवतात.

गाडीतली ही सगळी युनिटं एकमेकींत पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात. गप्प असताना दोन्ही तारांवर अडीच व्होल्ट. बोलताना एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते, आणि ऐकणारा दोघींतला फरक तेवढा बघतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटा भाग, असतो, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून माघारी येतो. म्हणून बॅटरी सोडवायची, जरा थांबायचं, आणि स्कॅनर लावतात त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मल्टीमीटर धरायचा. १२० चे दोन रेझिस्टर समांतर जोडलेले, म्हणून मिळून निम्मे, ६० आले की तारा ठीक.

बरोबर ६० आले. मी तारांचा विषय सोडला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एबीएसचा सप्लाय, अर्थिंग, फ्यूज तपासत बसलो. दुपारी गाडी ढकलून लिफ्टवर घेतली, पुन्हा मोजलं, तर ४०.

४० म्हणजे तीन रेझिस्टर. या गाडीत एक इंजिनच्या ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरात, दुसरा डॅशबोर्डखालच्या बॉडी कंट्रोल युनिटात. भंगारातलं मीटर काढलं आणि ६० झाले. दिसायला तेच, पण दुसऱ्या व्हेरिएंटचं. तिसरा रेझिस्टर त्याच्या पोटात होता. मग मल्टीमीटर तसाच ठेवून वायरिंग हलवत गेलो. पेडलच्या बाजूचा, इंजिनचं वायरिंग डॅशबोर्डच्या वायरिंगला मिळतं तो कपलर (तारांचा जोड) हलवला आणि आकडा १२० वर गेला. आत एका पिनेवर हिरवं चढलेलं, पकड सुटलेली. कार्पेटखाली ओल होती.

तेव्हा कुठे सकाळचा हिशेब लागला. कपलर सुटला की ईसीयू आणि एबीएस पलीकडे राहायचे, अलीकडे, सॉकेटच्या बाजूला, बॉडी युनिटचा एक आणि त्या मीटरमधला उपरा एक. दोन मिळून ६०. बिघाड चालू होता म्हणूनच मला चांगला आकडा दिसला! हे अजून डोक्यातून जात नाही.

पिन बदलली, तारांचा पीळ अगदी कपलरपर्यंत राखला, काचेखालच्या पाण्याच्या वाटेत कुजलेली पानं काढली. मास्तरांचं मूळ मीटर डिकीत पडून होतं, तेच परत बसवलं. बिल हजाराच्या आत आलं. मास्तर दोनदा म्हणाले, "अहो, नीट बघा, काही राहिलं नाही ना?"

ते भंगारातलं मीटर कुणी बसवलं, ते पावतीवरून कळलं. ज्यांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो, ते आमचे वस्ताद. ते धंद्यात आले तेव्हा बॉशनं दोन तारांवरून बोलायची ही पद्धत मांडून (१९८६) दोन-तीनच वर्षं झाली होती, आणि आपल्याकडच्या गाड्यांत ती यायला पुढं बरीच वर्षं गेली. कार्ब्युरेटर नुसत्या आवाजावर लावणारा माणूस. त्यांनी मास्तरांना फसवलेलं नाही. वायरिंगचे नकाशे कंपन्या बाहेरच्या गॅरेजांना सहज देत नाहीत. मग रेझिस्टर कुठल्या युनिटात आहे हे त्यांना कळणार तरी कसं? मास्तरांपुढे मी त्यांचं नाव काढलं नाही.

मीटरच्या पाठीवर मार्करनं १२० लिहून ठेवलंय. रविवारी घेऊन जाणार आहे वस्तादांकडे, मल्टीमीटरही सोबत नेतो.